रविवारची फेरी

सिंगापुरातल्या आमच्या ब्लॉकसमोरच्या थांब्यावर एका मंगळवारी कागद चिकटवला गेला. प्लास्टिकमध्ये घातलेला, चारी कोपरे नीट दाबलेला. त्यात लिहिलं होतं की येत्या एक सप्टेंबरपासून ५४१ नंबरची बस तोआ पायोहला जाणार नाही. ती आमच्या सेंगकांगमध्येच गोल फिरेल आणि लोकांना नव्या रेल्वे स्टेशनवर सोडेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मी तो कागद तीनदा वाचला. मला इंग्रजी जेमतेम येतं, पण गाड्यांचं इंग्रजी येतं. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची एकोणीस मेहकर आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. फेरी तोडणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. मीही तोडल्या आहेत. पण मी फेरी तोडली की दुसऱ्या दिवशी त्या गावचा सरपंच चार माणसं घेऊन यायचा, टेबलावर हात आपटायचा, माझ्या बापाचा उद्धार करायचा. तासभर भांडण, मग चहा, मग निम्मी फेरी परत. इथे नुसता कागद. आणि लोक तो वाचून, मान हलवून, आलेल्या बसमध्ये चढून मोकळे.

"कुणी काही बोलत कसं नाही?" मी संध्याकाळी मुलाला विचारलं.

"दादा, ट्रेन सुरू झालीय ना जूनपासून," नरेश म्हणाला. "आता तोआ पायोहची बस कुणाला लागते?"

"मला नाही लागत. रविवारच्या लोकांना लागते."

नरेशने टीव्हीचा आवाज कमी केला.

रविवारचे लोक म्हणजे कोण ते सांगतो. १९९९ साली नरेशला मुलगी होणार होती, म्हणून मी आणि माझी बायको बेबी सिंगापूरला आलो. मी नुकताच रिटायर झालो होतो. आल्यावर पंधरा दिवसांत बेबीला सेरंगून रोडच्या एका दुकानात ज्वारीचं पीठ मिळालं आणि त्याच दुकानात एक बाई भेटली. बेबीने तिला विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" ती निघाली नांदेडची, सुरेखा. संध्याकाळपर्यंत बेबीकडे आपल्या समाजाच्या चार घरांचे फोन नंबर होते. महिन्याभरात आठ घरं झाली. कुणी इंजिनियर, कुणी संशोधनाच्या कामावर, एक नर्स. सगळी तरुण, सगळ्यांची माणसं लांब. मग ठरलं की पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी आमच्याकडे जमायचं. बुद्धवंदना, कुणीतरी थोडं वाचायचं, मुलांनी काहीतरी म्हणून दाखवायचं, मग जेवण. जेवण बेबीचं. आठ घरं आणि आम्ही, कधी तीस ताटं, कधी चाळीस.

बेबीला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. एकोणीस वर्षं नियंत्रकाची बायको होती, पण कधी वेळ बघून घरातून निघाली नाही. आणि तिला नेहमी गाडी मिळायची. याचा मला फार राग यायचा.

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. सकाळी पिठाचा डबा उचलताना छातीत दुखतंय म्हणाली, तिसऱ्या दिवशी गेली. यापलीकडे मला त्यातलं सांगता येत नाही.

रविवार मी चालू ठेवले. जेवण वाटून घेतलं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, वरण-भात माझा. तीन-चार महिने बरे गेले. मग सार्सची साथ आली. एप्रिल-मे कुणी कुणाकडे जात नव्हतं, ऑफिसात शिरताना ताप बघायचे. जूनमध्ये पुन्हा सुरू केलं तर पाच घरं आली. मग चार. ऑगस्टमध्ये एकदा तीन. आणि थांब्यावर कागद लागल्यावर जो तो फोन करून तेच सांगायला लागला.

"काका, बस तोडलीय म्हणतात. पोरांना घेऊन दोन-तीन गाड्या बदलत यायचं म्हणजे..."

सगळ्यात मोठ्या आवाजात हे सांगायचा पद्माकर, सुरेखाचा नवरा. तो राहतो जुरोंग ईस्टला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्याकडे स्वतःची मोटार आहे.

"तुला काय करायचंय बसशी?" मी विचारलं.

"माझं नाही हो काका. बाकीच्यांचं म्हणतोय. बहुतेक जण आता पश्चिमेला राहायला गेलेत. आमच्या कॉन्डोत खाली हॉल मिळतो, एसी आहे, खुर्च्या आहेत. तुम्हालाही त्रास नाही."

"मला कसला त्रास? मी सांगितलं का कुणाला?"

"तसं नाही. असं करू या का? सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी बघू. पाच घरं जमली तर तुमच्याकडेच ठेवू. नाही जमली, तर ऑक्टोबरपासून जुरोंगला."

मी म्हटलं, ठीक आहे. बेबीच्या साड्या माझ्या सुनेने, प्रियदर्शिनीने, मला विचारून आधीच बांधून ठेवल्या होत्या. तिचा चष्मा कुठे गेला ते मला माहीत नव्हतं. तिचं म्हणून या घरात चालू असलेलं एवढं एकच होतं, हे रविवार. ते एका बसपायी घालवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सेंगकांगच्या इंटरचेंजला, म्हणजे इथल्या बसस्थानकात, गेलो. तिथे चौकशीची खिडकी आहे. खिडकीत एक तमिळ माणूस बसायचा, चाळिशीचा, मिशीवाला.

"५४१ किती वाजता सुटते?" मी माझ्या इंग्रजीत विचारलं.

"दहा ते पंधरा मिनिटं, अंकल."

"ही वेळ झाली का? सुटते किती वाजता?"

"आधीची सुटली की दहा ते पंधरा मिनिटांनी."

"आणि आधीची?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तिच्या आधीची सुटली की."

"पहिली?"

"साडेपाचला."

"म्हणजे मी साडेपाचपासून मोजत बसू का?"

"कॅन, अंकल," तो म्हणाला. "बेंच तिकडे आहे, लाह."

लाह हे इथल्या बोलण्याचं शेपूट. तो चेष्टा करत होता. मी जाऊन बेंचवर बसलो.

या देशात बसला वेळापत्रकच नाही, हे मला चार वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. खांबावर पहिली बस आणि शेवटची बस लिहिलेली असते, आणि मध्ये किती मिनिटांनी येते ते. बाकी तुमचं नशीब. हजारो गाड्या, एकेक गाडी थंडगार, दार आपोआप उघडतं, कार्ड लावलं की मशीन टीं वाजतं, आणि एवढं सगळं करून ती कधी येणार हे कुणी लिहून देत नाही. मेहकरला गाडीच्या खिडकीला काच नसायची, पण नऊ वीस म्हणजे नऊ वीस. उशीर झाला तर निदान किती उशीर झाला ते सांगता यायचं.

म्हणून मीच वेळापत्रक करायला घेतलं. दोन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते अकरा. वहीत आमच्या पद्धतीचे रकाने आखले: गाडी क्रमांक, आगमन, प्रस्थान, शेरा. सेंगकांगला बसलो, सेरंगूनला बसलो, तोआ पायोहला बसलो, एक दिवस क्लेमेंटीला आणि एक दिवस थेट जुरोंगला. खिडकीतला माणूस चौथ्या दिवसापासून मला बघून हात हलवायला लागला.

नरेशचं म्हणणं होतं, हे सगळं रेल्वेने एका तासात होतं, वही कशाला पाहिजे. ते मला पटत नव्हतं. एक तर एसटीचा माणूस रेल्वेच्या भरवशावर राहत नाही. आणि दुसरं म्हणजे सविताताई. त्या आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर, अडुसष्ट वर्षांच्या, क्लेमेंटीला मुलाकडे राहतात. मुलगा मनोहर. सविताताईंना सरकत्या जिन्याची भीती आहे. नव्या रेल्वेचे जिने असे खोल, की खाली बघवत नाही. त्या आजवर बसनेच आल्या होत्या. त्यांना धरून हिशोब करायचा तर बसच पाहिजे.

दोन आठवड्यांनी मी आठ कागद तयार केले. प्रत्येक घराला एक. पट्टीने ओळी, निळ्या शाईत वेळा, गाडी बदलायची तिथे लाल. मनोहरच्या कागदावर: क्लेमेंटी प्रस्थान ८.४२, तोआ पायोह आगमन ९.१४, तिथून ९.२१, सेरंगून आगमन ९.३६, तिथून ९.४४, सेंगकांग आगमन १०.०५, तिथून वस्तीतली फीडर बस १०.११, आमचा थांबा १०.१७. आणि सगळ्या कागदांच्या खाली एक ओळ: वंदना ठीक १०.३० वाजता सुरू होईल, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबता येणार नाही.

कागद स्कॅन करून सगळ्यांना पाठवायचं काम प्रियदर्शिनीकडे होतं. तिने ते चाळले.

"दादा, शेवटची ओळ काढू या का?"

"का? नियम आहे."

"आईंच्या वेळी नव्हता."

"आईच्या वेळी कसलाच नियम नव्हता," मी म्हणालो. "म्हणून तर जेवायला दोन वाजायचे."

तिने कागद जसे होते तसे पाठवले.

संध्याकाळी फोन आले. पद्माकर हसत होता. "काका, आठ एकवीस? आठ पंचवीसला नाही चालणार?" मी म्हटलं, आठ पंचवीसला तुझी पुढची गाडी गेलेली असेल. तो म्हणाला, "माझी मोटार आहे काका." मी म्हटलं, मग हसू नकोस.

मनोहर म्हणाला, "काका, मी आईला टॅक्सीने आणतो ना, कशाला एवढं..." तेवढ्यात पलीकडून सविताताईंनी फोन ओढून घेतला.

"भाऊ, जयभीम. कागद मिळाला. किती स्वच्छ अक्षर हो तुमचं! मी याच कागदाने येणार. याला सांगितलंय मी."

मला फार बरं वाटलं. किती तरी दिवसांनी वाटलं.

तिसऱ्या रविवारी मी पाचला उठलो. डाळ शिजत घातली, तांदूळ धुऊन ठेवले, सतरंज्या घातल्या, मेणबत्त्या आणि उदबत्त्या काढून ठेवल्या. साडेनऊला वही घेऊन इंटरचेंजला गेलो, लोकांना उतरवून घ्यायला. दहा वाजून पाच मिनिटांनी सेरंगूनची गाडी यायला हवी होती. दहा दहा झाले. दहा वीस झाले. इंटरचेंजवर माणसंही कमी होती. मी खिडकीशी गेलो.

"सेरंगूनची गाडी कुठे आहे?"

"येईल, अंकल. आज संडे."

"म्हणून काय झालं?"

"संडेला पंचवीस मिनिटं. कधी तासभरसुद्धा." त्याने माझ्या वहीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "अंकल, तुम्ही संडेला मोजलं नाही?"

मी संडेला मोजलं नव्हतं.

आता हे कुणाला हसू येण्यासारखं आहे, पण एसटीला रविवार नसतो. एकतीस वर्षांत मी रविवारची वेगळी पाटी लावली नाही. बाजाराच्या दिवशी जादा गाडी सोडली, दिवाळीला सोडल्या, यात्रेला सोडल्या. रविवार आहे म्हणून कमी कधी सोडल्या नाहीत. रविवारी माणसाला लग्नाला जायचं नसतं का? इथे रविवारी माणसं झोपतात म्हणून गाड्यासुद्धा झोपतात, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आणि मी ज्या सभेसाठी दोन आठवडे मोजत होतो, ती रविवारची होती. इतका गाढवपणा मी आयुष्यात केला नव्हता.

सार्वजनिक फोनवरून मी घरी फोन लावला. नरेशने उचलला.

"दादा, कुठे आहात तुम्ही? पद्माकर आलाय. अजून दोन घरं आलीत, ट्रेनने. बाकीचे कुठेकुठे अडकलेत. मनोहर आणि त्याची आई सेरंगूनच्या थांब्यावर बसून आहेत, पाऊण तास झाला. तो म्हणतो टॅक्सी करतो, त्या ऐकत नाहीत."

"का ऐकत नाहीत?"

"म्हणतात, भाऊंच्या कागदावर टॅक्सी नाही."

मी फोन ठेवला. काय करावं ते कळेना. सेरंगूनला जाणारी बस दिसत नव्हती. समोर रेल्वेचं दार होतं. मी त्या खोल जिन्यावर उभा राहिलो, खाली न बघता.

गाडी लगेच आली. मधल्या एका स्टेशनातून न थांबता गेली. ते बांधून तयार आहे पण उघडलेलं नाही, असं नरेशने सांगितलं होतं. बांधलेलं स्टेशन बंद ठेवायचं आणि चालती बस तोडायची. पण रागवायला मला वेळ मिळाला नाही, कारण दहा मिनिटांत सेरंगून आलं. दहा मिनिटांत. मी दोन आठवडे ज्या रस्त्याच्या कडेला बसून मिनिटं लिहीत होतो, त्याच्या खालून ही दर पाच मिनिटांनी जात होती.

थांब्यावर सविताताई बसल्या होत्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कुकर. चपला काढून ठेवलेल्या, पाय सुजलेले. मनोहर ऊन लागत होतं तरी बाजूला जाऊन उभा होता, म्हणजे भांडण झालेलं होतं.

"जयभीम, भाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी आली का?"

"नाही. येणारही नाही इतक्यात."

"मग तुम्ही कसे आलात?"

"रेल्वेने."

मनोहर हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "रविवारच्या गाड्या वेगळ्या असतात. मला माहीत नव्हतं. टॅक्सी करू."

"बसा जरा," सविताताई म्हणाल्या. "एक बोलू का? राग येईल तुम्हाला."

"येऊ द्या."

"आई, राहू दे," मनोहर म्हणाला.

"तू गप रे. भाऊ, बेबी असताना मी एकदा बाराला पोचले होते. पावसात बस अडकली. वंदना केव्हाच झालेली. तिने माझ्या एकटीसाठी पुन्हा मेणबत्ती लावली. सगळे परत उठून उभे राहिले. तुम्हीसुद्धा."

"आठवतं."

"जुलैत मी पावणेअकराला आले, तर तुम्ही दारात मनगट दाखवलंत. बोललात काही नाही. नुसतं मनगट. मी येताना आणलेली भाजी तुमच्या स्वयंपाकघरात ठेवली आणि मागे बसले. वंदना चालू असतानासुद्धा तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत. वंदनेला कुठे गाडी पकडायची होती?"

मी घड्याळाचा हात पाठीमागे घेतला.

"लोक बसमुळे येत नाहीत असं वाटतं तुम्हाला? बस तर आत्ता तोडली. लोक जूनपासून कमी झालेत. तुमच्याकडे यायचं म्हणजे शाळेत तपासणीला आल्यासारखं वाटतं, भाऊ. कुणी तुमच्या तोंडावर सांगणार नाही. तुमचं दुःख आहे म्हणून."

मी चिडलो. खोटं कशाला सांगू. चाळीस माणसांचं जमवायचं म्हणजे कुणीतरी वेळ सांभाळायला नको का, कुणाच्या जिवावर चालतं हे, असं काहीबाही मी बोललो. बराच वेळ बोललो. थांब्यावरची एक चिनी म्हातारी पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

"झालं का?" सविताताईंनी विचारलं.

"झालं."

"मग कुकर धरा. माझ्याच्याने आता उचलत नाही."

टॅक्सीत मी पुढे बसलो, कुकर मांडीवर घेऊन. वांग्याचा वास येत होता. मी ड्रायव्हरकडे बघत, मागे न वळता म्हणालो, "ती गेल्यापासून सकाळी उठल्यावर पुढे काय करायचं ते मला कळत नाही. वेळ ठरवली की तेवढं तरी कळतं. साडेदहाला हे, अकराला ते."

थोड्या वेळाने मनोहरने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या सिग्नलला काढून घेतला.

घरी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. सव्वाबारापर्यंत आणखी दोन घरं आली, दोन्ही माझ्या कागदाने. एकाने दारातच कागद वर धरून म्हटलं, "काका, तुमची नऊ अठ्ठावीसची गाडी नऊ बावन्नला आली, शेरा लिहून घ्या." सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. माझी नात इरा, चार वर्षांची, बालवाडीत जाते, माझा लेंगा ओढत होती. "आजोबा, कॅन ईट फर्स्ट ऑर नॉट?"

"नॉट," मी म्हणालो. मग तिला एक केळं दिलं, आणि इतर मुलांनाही दिली. वंदनेआधी खाण्याची परवानगी मी याआधी कधी दिली नव्हती. प्रियदर्शिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

वंदना साडेबाराला सुरू झाली. त्रिसरण, पंचशील. सविताताई खुर्चीवर होत्या, पाय पुढे करून. त्या सुजलेल्या पायांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ उठले होते. मला ते सगळा वेळ समोर दिसत होते. मी घरं मोजली. सहा. त्यांतली पाच पश्चिमेची. लहान मुलं नऊ. दीड-दीड तास, दोन-दोन तास ही माणसं डबे घेऊन येत होती. वेळापत्रकात मी गाड्या मोजल्या, त्यांतली माणसं मोजली नव्हती.

जेवणं झाल्यावर पद्माकर उठून उभा राहिला. "काका, ठरल्याप्रमाणे. पाच म्हणालो होतो, सहा आली. आता इथेच. मी शब्द मागे घेतो."

"पुढचा रविवार जुरोंगला," मी म्हणालो.

नरेश सतरंजी घडी करता करता थांबला.

"पण सहा आली ना," पद्माकर म्हणाला.

"आली. मी मोजली. तरीपण जुरोंगला."

"अहो, मी असं म्हटलं नव्हतं हो भाऊ!" सविताताई म्हणाल्या. "मी फक्त मनगटाचं बोलले."

"तुम्ही बोललात ते वेगळं. मी गाड्यांचं बोलतोय. पाच घरं इकडे येण्यापेक्षा आम्ही एका घराने तिकडे जायचं. नव्या वाहकालासुद्धा कळेल हे. मला कळायला चार महिने लागले."

"मग आई?" प्रियदर्शिनीने विचारलं. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुझी सासू काय इथे बसून राहिली असती का?" मी म्हणालो. "बस तोडल्याचा कागद लागला त्याच दिवशी ती जुरोंगला जाऊन हॉल बघून आली असती. वेळ न बघता."

प्रियदर्शिनी आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मग निघायची गडबड. डबे, टोपल्या, मुलांच्या चपला. मी वरच्या फडताळातून बेबीचं मोठं पातेलं काढलं. पितळी, कल्हई केलेलं, तिने मेहकरहून विमानात आणलं होतं. त्याच्या वजनासाठी माझी दोन पुस्तकं आणि एक कोट घरी ठेवावे लागले होते. चाळीस माणसांचं वरण त्यातच व्हायचं.

"सुरेखा, हे तुमच्या मोटारीतून घेऊन जा. हॉलमध्ये भांडी नसणार."

सुरेखाने पातेल्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "नाही काका. मी नाही नेणार."

"का?"

"आज पातेलं नेलं की पुढच्या वेळी तुमचा फोन येईल, अंग दुखतंय म्हणून. मी ओळखते तुम्हाला. वरण तुमचंच. पातेलं तुम्हीच घेऊन यायचं आणि तुम्हीच परत न्यायचं. दर वेळी."

"दर वेळी? जुरोंगपर्यंत? अगं, याचं वजन किती आहे? गाडीत लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"अगं, सेंगकांगपर्यंत फीडर, मग रेल्वे, मग बदलून दुसरी रेल्वे, आणि रविवारी तर..."

"काका, मी येतो मोटार घेऊन," पद्माकर म्हणाला.

"तू गप्प बस," सुरेखाने त्याला सांगितलं. "ते येतील."

मी पुष्कळ समजावलं. तिला वजन उचलून दाखवलं. तिने सतरंज्या नेल्या, उदबत्तीचा पुडा नेला, उरलेलं लोणचंसुद्धा नेलं. शेवटी मी म्हटलं, निदान झाकण तरी घेऊन जा. तेही तिने नेलं नाही.